मदत हवी आहे: भाच्याला अंटार्क्टिकाला मेकॅनिक म्हणून जायचंय

नमस्कार मंडळी,
मी रत्नागिरीचा, मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरच्या इंजिनांची कामं करतो. भाचा आयटीआय डिझेल मेकॅनिक, माझ्याच हाताखाली तयार झालाय. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत इंजिनं पूर्ण खोलतो तेव्हा इंजेक्टर, गिअरबॉक्स सगळं एकटा सांभाळतो. आता त्याच्या डोक्यात अंटार्क्टिका बसलंय. वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र मोहिमेसाठी शास्त्रज्ञांबरोबर जनरेटर मेकॅनिक, वेल्डर, स्वयंपाकीही कंत्राटावर घेतं, हे मलाही त्याच्याकडूनच कळलं.

बोटीवरच्या कामाचा अनुभव धरतात का? दाखला कोणाचा लागतो? बोटमालक तोंडी वाट्टेल तेवढं कौतुक करतील, पण लेटरहेड कुणाकडे आहे! आणि ताईचा प्रश्न: तिकडे आपल्या देशाचं काय अडलंय, म्हणून माझ्या पोराने वर्षभर बर्फात बसायचं?

प्रतिसाद १
दादा, मी वेल्डर म्हणून अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री तळावर हिवाळा काढलाय. अटी दरवेळी जाहिरातीत असतात, त्याच धरा. दाखला मच्छीमार सोसायटीकडून मिळतो का बघा, त्यात इंजिनाची अश्वशक्ती आणि वर्षं लिहून घ्या. निवड झाली तरी वैद्यकीय तपासणी कडक असते, पुढे उत्तराखंडात औलीला बर्फातलं प्रशिक्षण.

ताईंना सांगा, अंटार्क्टिका कराराखाली तिथले निर्णय घेताना, मूळ सह्या करणारे देश सोडले तर, मत त्याच देशाला, जो तिथे भरीव संशोधन करतो. भारताला हा दर्जा १९८३ मध्ये मिळाला. आपला मैत्री तळ १९८९ पासून, दुसरा तळ भारती २०१२ पासून चालू आहे. हिवाळ्यात जनरेटर थांबला की उष्णता गेली, पाणी गोठलं, उपकरणं बंद, संशोधन ठप्प. म्हणजे त्या मताची काळजी मेकॅनिकलाही घ्यावी लागते. फोन उपग्रहावरून होतो. सोबत डॉक्टर असतो, पण भर हिवाळ्यात मनात आलं म्हणून परत येता येत नाही, हे मात्र लपवू नका. मैत्रीवर जवळजवळ दोन महिने सूर्य उगवत नाही.

एक सवय आत्ताच मोडा. बोटीच्या तळातलं तेलकट पाणी आपण बिनधास्त समुद्रात सोडतो. तिथे तेलाने माखलेलं फडकंही पिंपात भरून परत आणायचं. अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपण्यासाठीच्या १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलमध्ये कचऱ्याचे नियम आहेतच, वर २०२२ चा आपला भारतीय अंटार्क्टिक कायदाही आहे.

मुलाखतीत दोन जनरेटर एकमेकांशी जुळवून लोड कसा फिरवायचा, हे विचारू शकतात. बोटीवर त्याची सवय होत नाही.

मूळ धागाकर्ता
आभार दादा! सोसायटीच्या सेक्रेटरींना उद्याच गाठतो. ताईला फोनचं पटलं, दोन महिने सूर्य नाही हे अजून सांगितलेलं नाही.
आमच्या बर्फाच्या कारखान्यात जनरेटर दोन आहेत, पण एकावरून दुसऱ्यावर चेंजओव्हर हातानेच. रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात कुणाच्या ओळखीत ऑटो सिंक पॅनल (जनरेटर आपोआप जुळवणारं) असलेला कारखाना किंवा हॉस्पिटल आहे का? भाचा महिनाभर बिनपगारी राबेल.