शिक्षक, बदनामी आणि थरार : काय वाचावं, काय बघावं?

कृष्णाकाठ (सांगली) :
विश्रामबागेत आमचा वाचनगट आहे. निम्म्या जणी निवृत्त शिक्षिका. पुढचा विषय ठरलाय, शिक्षकाभोवतीचं 'प्रकरण'. ओटीटीवर शोधलं की विद्यार्थी-शिक्षक प्रेमकथा म्हणून सजवलेलंच पुढे येतं. ते नकोय. थरार हवा, पण शाळा खरी वाटली पाहिजे : स्टाफरूम, संस्थाचालक, पालकसभा, गावभर पसरणारी कुजबुज. सुचवा ना.

मिरजकर :
'द हंट', डॅनिश सिनेमा, २०१२. बालवाडीत काम करणाऱ्या माणसावर एका चिमुरडीच्या बोलण्यावरून आळ येतो. मुलगी वाईट नाही. मोठी माणसंच तिला असे प्रश्न विचारतात की उत्तर आधीच तिच्या तोंडी घातलेलं असतं. मॅड्स मिकेलसनला यासाठी कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं. दुकानातला प्रसंग चुकवू नका.

वकीलताई :
'द हंट' एकटा लावू नका, कळकळीने सांगते. खोट्या आळाची गोष्ट मनात बसली की खरं सांगणाऱ्या मुलावरही विश्वास बसेनासा होतो. जोडीला 'नोट्स ऑन अ स्कँडल' घ्या. झोई हेलरची कादंबरी २००३ची, सिनेमा २००६चा. जुडी डेंच आणि केट ब्लँचेट. एका शिक्षिकेचं विद्यार्थ्याबरोबरचं प्रकरण; विद्यार्थी पंधरा वर्षांचा. गोष्ट सांगते ती शिक्षिकेची वयस्क सहकारी बार्बरा, आणि खरा थरार तिच्यातच आहे. प्रकरण कळल्यावर ती कुठेही कळवत नाही. गुपित मुठीत ठेवून मैत्रिणीला बांधून घेते. त्या मुलाचं काय होतंय, याची तिला फिकीर नाही.
आपल्याकडे २०१२चा पॉक्सो कायदा अठराखालच्या मुलाची संमती धरतच नाही. शाळेच्या कर्मचाऱ्याने केलेला अत्याचार जास्त गंभीर मानतो, आणि माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. हे चर्चेआधी सांगा. मग बार्बरा वेगळी दिसेल.

नाट्यवेडा :
ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तिथे सुरुवात तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'पासून व्हायला हवी. १९६७चं नाटक. लीला बेणारे शाळेत शिकवते. गावात प्रयोगाला आलेली मंडळी वेळ घालवायला लुटुपुटूचा खटला मांडतात आणि बघता बघता तिचं खासगी आयुष्यच आरोपपत्र होतं. आरोप भ्रूणहत्येचा, आणि शेवटी निकाल कोणता, तर पोटातला गर्भ नष्ट करा! बाईंच्या नोकरीवर गदा येते. ज्यांच्यामुळे दिवस गेले ते प्राध्यापक दामले मात्र नाटकभर रंगमंचावर येतच नाहीत. एवढी रिकामी जागा मला कुठल्याच थरारपटात दिसली नाही.
सिनेमा शोधत बसू नका, भूमिका वाटून मोठ्याने वाचा. बेणारेबाई एखाद्या शिक्षिकेलाच द्या. निकालानंतर थोडं थांबा, लगेच चर्चा नको.

मिरजकर :
वकीलताईंचं पटलं. मग 'डाउट' (२००८) पण बघा. मुख्याध्यापिका असलेली नन एका पाद्रीवर संशय घेते. खरं काय घडलं, ते सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही.

कृष्णाकाठ :
सगळ्यांचे मनापासून आभार. आधी 'शांतता', मग 'नोट्स', 'द हंट' तिसरा. आमच्यातल्या काही जणी शाळेच्या चौकशी समितीवर बसलेल्या आहेत, त्यांच्याकडून ऐकण्यासारखं खूप निघेल. आता एक राहिलं : शाळेतलं असं प्रकरण मुलाच्या बाजूने सांगणारी मराठी कादंबरी किंवा दीर्घकथा कुणी वाचली आहे का?