क्लासचं नाव शीटवरचं की जगातलं?

फाशांचीपिशवी
पहिल्या लेव्हलपासून नवं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी गोष्ट) सुरू करतोय. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) पाचवी एडिशन, २०१४चे नियम, चार प्लेअर, टेबलावरचं बोलणं मराठीत. क्लास म्हणजे पात्राचा नियमांतला प्रकार, शीट म्हणजे पात्राचा कागद. रोग (rogue) क्लासवाल्याला (देवनागरीत आजार वाटतो, इलाज नाही) चोर व्हायचं नाहीये, त्याला देवळाचा तपासनीस हवाय. बार्बेरियन क्लासवाला राजवाड्याचा पहारेकरी आहे. वॉरलॉक (कुणा शक्तीशी करार करून जादू मिळवणारा) सगळ्यांना आपण विझर्ड (पोथीतून शिकलेला जादूगार) असल्याचं सांगणार. चौथा सरळसोट ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा).

त्या जगातल्या लोकांना क्लास ठाऊक असतात का? गावकऱ्याच्या तोंडी 'वॉरलॉक' शब्द यावा का? आणि रोगला आपोआप मिळणारी चोरांची सांकेतिक भाषा या तपासनिसाच्या गळ्यात कशी बांधायची?

अर्धाऑर्क
एक साधी कसोटी लाव: शीट न बघता परक्या माणसाला हा क्लास ओळखता येईल का? विझर्डकडे पोथी असते, ड्रुइडकडे गुप्त भाषा, पॅलडिनकडे शपथ (तीही तिसऱ्या लेव्हलला). हे जगात दिसतं. फायटर, रोग, बार्बेरियन ही मात्र निव्वळ नियमांच्या गठ्ठ्यांची नावं आहेत, त्यांच्यावर कुठलाही धंदा चढवता येतो. क्लेरिकमध्ये (देवाकडून जादू मिळणारा क्लास) बरेच जण फसतात. देवळातले बहुतेक पुजारी क्लेरिक नसतात, त्यांना एकही स्पेल (मंत्र) येत नाही. उलट अ‍ॅकोलाइट बॅकग्राउंड (देवळातल्या सेवेचं पूर्वायुष्य) कुठल्याही क्लासला घेता येतं.

तुझ्या तपासनिसाला तेच दे. इनसाइट, रिलिजन ही कौशल्यं आणि दोन भाषा मिळतील. कुलपं उघडायची हत्यारं रोग क्लासमधूनच येतात, त्यासाठी क्रिमिनल बॅकग्राउंड लागत नाही. सांकेतिक भाषेचं नाव बदल, नियम तसाच ठेव: ती येणाऱ्यालाच कळते आणि साध्या बोलण्याच्या चौपट वेळ लागतो. फक्त ही भाषा आणखी कोणाकोणाला येते हे पहिल्या सेशनच्या आधी ठरव. देवळाची खूण म्हणून दिलीस आणि वाटेत दुसरं देऊळच नसेल, तर ते फीचर मेलं. निदान कारकून, तुरुंगाधिकारी आणि एखादा फुटलेला माजी तपासनीस तरी हवा.

पहारेकऱ्याचा घोटाळा वेगळा आहे. जड चिलखतात रेजचे (बार्बेरियनच्या लढाईतल्या आवेशाचे) फायदे मिळत नाहीत, त्यामुळे राजवाड्याचा गणवेश म्हणून प्लेट चिलखत देऊ नकोस. मध्यम चिलखतापर्यंत चालतं. आणि रेज एक मिनिटाची असली तरी मागच्या टर्नपासून शत्रूवर हल्लाही केला नाही आणि मारही खाल्ला नाही, तर टर्न संपताच ती विझते. म्हणजे दाराशी पुतळ्यासारखा उभा राहून रेज टिकवता येणार नाही. तिला राग न म्हणता 'पहाऱ्याची शिस्त' म्हटलंस तरी नियम हाच.

पोथीतलाकिडा
मराठीत खेळताय हा उलट फायदाच आहे. शीटवर इंग्रजी नाव राहू दे, लोकांच्या तोंडी मराठी. दोन्ही कधी एक करू नका. गावकऱ्याला विझर्ड, सॉर्सरर, वॉरलॉक यांतला फरक कळायचं कारणच नाही, त्याच्या लेखी तिघेही चेटक्ये. फरक त्यांचा त्यांनाच ठाऊक.

प्रत्येक पात्रासाठी तीन शब्द ठरवा: स्वतःला काय म्हणतो, मान देणारा काय म्हणतो, शिवी देणारा काय म्हणतो. ड्रुइड स्वतःला 'वनव्रती' म्हणेल, गरजू शेतकरी 'रानबाबा', लाकूडव्यापारी 'झाडपाल्या'. बार्बेरियनचं 'रानटी' हे भाषांतर आधीच शिवी आहे, स्वतःबद्दल कोणी तसं बोलत नाही. वॉरलॉकला 'करारी' म्हणायचा मोह टाळा, लगेच 'करारी बाणा' आठवतो. 'वचनबद्ध' बरा, आणि पाठीमागे 'विकलेला'.

जुनीआवृत्ती
'क्लास म्हणजे फक्त नियम' हे आत्ताचं मत झालं. १९७८च्या अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या प्लेअर्स हँडबुकात प्रत्येक लेव्हलला पदवी होती. पहिल्या लेव्हलचा फायटर 'व्हेटरन', चौथ्याला 'हीरो', नवव्याला 'लॉर्ड'. ड्रुइडांची तर अख्खी उतरंड: बाराव्या लेव्हलचे नऊच, तेराव्याचे तीन, चौदाव्याचा एकच, आणि जागा भरलेली असेल तर वरच्याला लढून हरवायचं. १९८९च्या दुसऱ्या एडिशनने बहुतेक पदव्या काढून टाकल्या. वॉरहॅमर फँटसी रोलप्ले या दुसऱ्या अशाच खेळात (१९८६) प्रश्नच येत नाही, कारण तिथे पात्राचं करिअर म्हणजेच त्याचा धंदा, अगदी उंदीर पकडणाऱ्यापर्यंत.

ड्रुइडपुरती ही उतरंड जरूर उचल. पण लेव्हल तिच्यावर अडवू नकोस, फक्त पद अडव. नाहीतर एकाच्या द्वंद्वापायी बाकीचे तिघे तासभर हात चोळत बसतील.

फाशांचीपिशवी
तीन शब्दांची युक्ती घेतली. वॉरलॉकचं सोंग पकडलं जाईल कशावरून? उगाच 'तुझ्यात काहीतरी काळं दिसतंय' असं म्हणायचं नाहीये.

अर्धाऑर्क
नियमांतच भरपूर आहे. पहिल्या लेव्हलला त्याला एकच स्लॉट (स्पेल टाकायची संधी) मिळतो, पण तो शॉर्ट रेस्टने (छोट्या विश्रांतीने) परत येतो. तासभर बसून उठला की पुन्हा तयार, हे सोबतच्या जाणकाराच्या लक्षात येईल. एल्ड्रिच ब्लास्ट हा स्पेल फक्त वॉरलॉकच्या यादीत आहे, तो चारचौघांत मारला की संपलं. २०१७च्या झॅनाथरच्या पुस्तकातला पर्यायी नियम घेतलास तर स्पेल ओळखायला अर्काना चेक (जादूच्या ज्ञानाची फाशावरची कसोटी) लागतो, डीसी (गाठायचा आकडा) १५ अधिक स्पेलची लेव्हल. ओळखणारा त्याच क्लासचा असेल तर दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा, तेच अ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे खरा विझर्ड याच्या स्पेलवर रोल करेल तेव्हा अ‍ॅडव्हान्टेज देऊ नकोस, आणि का नाही ते सांगूही नकोस. चाणाक्ष प्लेअर तिथेच थबकेल.

पोथीतलाकिडा
सगळ्यात साधा सापळा म्हणजे एखाद्या विझर्डने येऊन पोथी उतरवायला मागणं. स्पेलच्या प्रत्येक लेव्हलमागे दोन तास आणि ५० सोन्याची नाणी, हा व्यवहार विझर्डांत चालूच असतो. दरवेळी नकार दिला तरी संशय. तिसऱ्या लेव्हलला त्याने पॅक्ट ऑफ द टोम (पुस्तक देणारा करार) घेतला तर दाखवायला खरंखुरं पुस्तक मिळेल, पण त्यात तीन कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारे छोटे स्पेल) असतील. विझर्ड कॅन्ट्रिप पोथीत लिहीतच नाहीत. पहिलंच पान उघडलं की समोरच्याची भुवई वर.