'लूज' की 'लूस'? स्पेलचेक गप्प कसा?

दोनओवाला: काल ऑफिसच्या मेलमध्ये 'आपण ग्राहक गमावू' असं लिहायचं होतं. मी 'लूज' टाइप केलं, दोन ओ घालून. म्हणजे ग्राहक सैल करून टाकले! स्पेलचेकनं लाल रेघसुद्धा मारली नाही. साहेबांनी तेवढाच शब्द पिवळा करून मेल सगळ्यांना परत धाडला. खाली एक अक्षर नाही. मागे 'स्टेशनरी'तही असाच आपटलो होतो. याद्या पाठ करून झाल्या, आठवड्यात सगळं विसरतो. काही युक्ती आहे का?

कानामात्रा: स्पेलचेक बिचारा काय करणार, दोन्ही शब्द खरेच आहेत. घोळ कानाचा आहे. आपण 'स्क्रू लूज झालाय' म्हणतो, पण इंग्रजीत सैल म्हणजे 'लूस', शेवटी चक्क स. गमावणं ते 'लूझ', त्याला एकच ओ. आपल्या तोंडी दोन्ही सारखेच, मग बोटं गोंधळणारच. मी टाइप करताना मनात उच्चार करते, स ऐकू आला तर दोन ओ.

सल्ला म्हणजे 'ॲडव्हाइस', सल्ला देणं 'ॲडव्हाइज', तिथेही कानच चालतो, स ऐकू आला तर सी, नाहीतर एस. ('प्लीज ॲडव्हाइस' लिहिलेले मेल मी रोज वाचते. गप्प बसते.) 'प्रॅक्टिस'ला मात्र हे लावू नका. नाम असो की क्रियापद, उच्चार एकच. ब्रिटिश लोक नामात सी आणि क्रियापदात एस लिहितात, अमेरिकन दोन्हीकडे सी.

जुनापुराणा: स्टेशनरीत कान कामाचा नाही, तिथे गोष्ट लक्षात ठेवा. मध्ययुगात फेरीवाले गावोगाव हिंडायचे. पुस्तकं विकणारा जो एका जागी ठाण मांडून बसे, तो 'स्टेशनर'. त्याच्या ई-आरला वाय जोडला की वह्या-कागद. 'पेपर'च्या शेवटीही ई-आरच. ए-आर असेल तर नुसतं जागचं न हलणारं. म्हणजे मुळात दोन्ही एकाच घरातले.

पीठ आणि फूल यांचे 'फ्लावर' तर एकच शब्द होते. दळणातला सगळ्यात उत्तम भाग म्हणजे त्याचं 'फूल'. स्पेलिंगची वाटणी पक्की व्हायला कित्येक शतकं लागली. तोवर कोणी पीठ फुलासारखं लिहिलं, तर त्याला कोण पिवळं करणार होतं?

दोनओवाला: कानामात्रा, युक्ती लागू पडली. पण आज मीटिंगमध्ये 'केबल लूस आहे' म्हणालो, तर साहेब म्हणाले, "लूज म्हणा हो, लूज."