महागड्या कॅसिनो स्पर्धांनी चिप्स (पैशांऐवजी खेळात वापरायच्या गोल चकत्या) जमवणाऱ्यांचं भलं होतं का?

बर्डीकर: माझ्या मते होतं. मोठी पोकर स्पर्धा आली की कॅसिनो तिच्या नावाची 5 किंवा 25 डॉलरची मर्यादित चिप काढतो. ती कॅसिनोच्या रोखपालाच्या खिडकीवर दर्शनी किमतीला मिळते. स्पर्धाच नसती तर ती चिपही नसती.

इतवारी_संग्रह: भाऊ, दोन वेगळ्या चिप्सची गल्लत होऊन राहिली. तुम्ही म्हणता ती रोखीची चिप, म्हणजे खिडकीवर परत दिली की पैसे मिळतात ती. तिच्यासाठी स्पर्धेची फी भरावीच लागत नाही. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटची, म्हणजे मुख्य स्पर्धेची फी 10,000 डॉलर, म्हणजे आठ लाखांच्या वर. त्या पैशात टेबलावर येते ती टूर्नामेंट चिप. तिला रोख किंमत नाही आणि ती घरी नेता येत नाही. 2023 मध्ये 10,043 प्रवेश झाले, प्रत्येकाला 60,000 पॉइंटच्या चिप्स. म्हणजे खेळात एकूण 60 कोटी 25 लाख 80 हजार. आकडा ठरलेला असल्यानं एकही चिप कमी-जास्त झाली की हिशेब बिघडतो. त्यामुळे बाजारात अशी चिप दिसली की पहिला प्रश्न हाच, ती बाहेर आली कशी?

एकोणचाळीस_मिमी: इतवारींशी सहमत. 2014 मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीच्या बोरगाटा कॅसिनोत बनावट टूर्नामेंट चिप्स खेळात घुसल्या आणि 27 खेळाडू उरले असताना स्पर्धा थांबवावी लागली. इतकी हुबेहूब नक्कल होत असेल, तर नुसता फोटो पाहून घेणाऱ्यानं कशावर विसंबायचं?

बर्डीकर: मी टूर्नामेंट चिपचं समर्थन करतच नाही. पण स्पर्धेच्या गर्दीनं रोखीची चिप हजारो हातांत जाते, परत न आलेल्या बाहेर राहतात. आपल्याला दुय्यम बाजारात त्याच मिळतात. महाराष्ट्रात कॅसिनो नाही, कॅसिनोंना परवानगी देणारा 1976 चा कायदाही 2023 मध्ये रद्द झाला. नागपूरच्या माणसाला दुसरा रस्ता कोणता?

इतवारी_संग्रह: परत न आलेल्या चिपचे पैसे कॅसिनोकडेच राहतात, म्हणून तर तो स्पर्धेच्या नावाच्या अशा स्मारक चिप्स काढतो. हजारो निघाल्या की भाव दर्शनी किमतीच्या आसपासच घुटमळतो. बंद पडलेल्या कॅसिनोची साधी एक डॉलरची चिप कितीतरी दुर्मीळ असते, कारण उरलेल्या चिप्स बहुधा नष्ट केल्या जातात.

एकोणचाळीस_मिमी: घ्यायचीच असेल तर 0.01 ग्रॅमचा काटा ठेवा आणि वजन त्याच साच्याच्या खात्रीच्या चिपशी ताडा. कडेचे रंगीत ठिपके दोन्ही बाजूंना जुळतात का बघा, काही चिप्सवर अतिनील दिव्याखाली खूण उजळते. छिद्र पाडलेली चिप म्हणजे रद्द केलेली, तिचा भाव वेगळा. अ‍ॅसिटोन लावू नका, छापलेला मजकूर जातो. आणि नाण्यांच्या स्टेपलवाल्या पुठ्ठ्यात कोंबू नका. चिप साधारण 3.3 मिमी जाड, त्यात बसत नाही. पीव्हीसी पाकीट तर नागपूरच्या मे महिन्यात चिकट होतं, तो थर चिपवर बसतो. 39 मिमीची गोल ॲक्रिलिक डबी घ्या.

बर्डीकर: डबीचं पटलं. भावाचं नाही. स्पर्धेचं नाव आणि साल छापलेली चिप नवा संग्राहक आधी उचलतो, नवे लोक आले की जुन्या चिप्सनाही गिऱ्हाईक वाढतं.

इतवारी_संग्रह: मग नव्याला आधी सांगा, की ती खिडकीवर घ्यायची, लिलावात चौपट देऊन नाही.