थंडी, सर्दी आणि पळणं : तुम्ही कसं जमवता? (सल्ला हवाय)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मी नाशिकची, वय ४१, जूनपासून पळायला लागलेय, त्याआधी बस पकडायला सोडून आयुष्यात कधी पळाले नव्हते. ऐन पावसात सुद्धा आठवड्यातनं चार दिवस गोल्फ क्लब ग्राउंडवर जात होते आणि नोव्हेंबरअखेर न थांबता ८ किमी झाले, घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. आणि मग थंडी पडली. आता साडेपाचला गजर होतो, मी गोधडीतनं एक हात बाहेर काढून तो बंद करते, एवढाच व्यायाम. त्यात चिरंजीव दुसरीत आहेत, ते शाळेतून गृहपाठापेक्षा सर्दी जास्त आणतात, त्याची झाली की माझी, माझी झाली की सासूबाईंची, आणि त्यांची बरी होईस्तोवर याला नवीन.

मागच्या बुधवारी तर मी कहरच केला. अंगात कणकण होती, पण आधीच नऊ दिवस खाडा झालेला, म्हटलं गोळी घेऊन जाऊ. गेले, चार किमी पळाले, बरं पण वाटलं. घरी येऊन तास झाला नाही तर दोन रजया घेऊन कुडकुडत होते, ताप १०१.५. नवरा काही बोलला नाही, नुसता थर्मामीटर माझ्यासमोर धरून उभा राहिला. ताप परवा उतरला, नाक अजून वाहतंय, थोडा खोकला आहे. फेब्रुवारीच्या शेवटी १० किमीला नाव दिलंय, पैसे भरलेत. आता परत कधी सुरू करू, सर्दी असताना पळायचं का नाही, आणि मुळात या थंडीत उठता कसे तुम्ही लोक? कपडे काय घालता? सगळं सांगा, सहा महिन्यांचं केलेलं वाया जाईल ही धाकधूक आहे.

सदाफुली
आधी उठायचं बघू कारण बाकीचं त्यानंतर येतं. मी पळायचे कपडे घालूनच झोपते. हसा खुशाल. ट्रॅकपँट, टीशर्ट, मोजे, सगळं. सकाळी कपडे बदलताना जी थंडी वाजते ना तीच खरी शत्रू, बाहेरची नाही. आणि मोबाईल स्वयंपाकघरात ओट्यावर, म्हणजे गजर बंद करायला फरशीवरनं चालत जावं लागतं, तिथे गेलंच की चहाचं आधण ठेवायचं.

कपड्यांचं म्हणाल तर आपल्याकडच्या थंडीला फार काही लागत नाही, दुकानदार तीन हजाराचं जॅकेट दाखवेल, घेऊ नका. आत घाम शोषून न घेणारा टीशर्ट, वर एक पातळ फुल बाह्यांचा. सुती नको, सुती भिजला की पाठीला चिकटतो आणि परत येताना वारा लागला की तिथेच कुडकुडायला होतं. कानावर पट्टी किंवा बफ (गळ्यात, डोक्यावर, तोंडावर ओढता येते ती कापडी नळी), आणि हातमोजे, ते साधे स्कूटरवरचे पण चालतात. घराबाहेर पडताना थोडी थंडी वाजली पाहिजे, उबदार वाटत असेल तर समजा जास्त घातलंय, दीड किमीनंतर ते स्वेटर कमरेला बांधून पळायची वेळ येते. आणि बुटाची नाडी घरातच बांधा, एकदा मी खाली जाऊन बांधायला बसले, बोटं इतकी बधिर की नाडीची गाठ कळेना, शेवटी वॉचमनकाकांनी बांधून दिली.

आबा_सातारकर
ताई, एवढं काय घाबरायचं. आमच्या वेळी सर्दीपडसं झालं की तालमीत जाऊन दोनशे जोर मारायचे, घाम काढायचा, वर गरम पाण्याने आंघोळ की सर्दी गायब. मी ६६ चा आहे, आजही अजिंक्यताऱ्यावर चढून जातो, डिसेंबर असो की मे. आणि तुम्ही तर नाशिकच्या, सावरपाड्याची कविता राऊत तुमच्याच जिल्ह्यातली, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १० हजार मीटरला ब्राँझ आणलं पोरीने. बीडचा अविनाश साबळे सियाचीनला नोकरी करून आला आणि स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, पळतोय. थंडी मनात असते. पळा.

स्टेथो
आबा, तुमच्या अजिंक्यताऱ्याला दंडवत, पण कविता राऊत पळते म्हणून गोदाकाठताईंनी तापात पळायचं हे गणित काही जुळत नाही. मी फिजिशियन आहे, धाग्यावर कुणाला तपासत नाही, पण हा प्रश्न दर हिवाळ्यात ओपीडीत दोनचार जण विचारतातच म्हणून जे त्यांना सांगतो तेच इथे लिहितो.

गळ्याशी एक रेघ मारा. त्रास रेघेच्या वर असेल म्हणजे नाक वाहतंय, शिंका, घसा थोडा खवखवतोय, तर हळू आणि थोडं पळायला हरकत नाही, दहा मिनिटांत बरं वाटण्याऐवजी वाईट वाटलं तर मागे फिरा. रेघेच्या खाली असेल म्हणजे छातीतला खोकला, धाप, अंग मोडून येणं, पोट बिघडणं, तर बूट कपाटात. आणि ताप असेल तर रेघबिघ काही नाही, सरळ झोपायचं. कारण विषाणूच्या तापात कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, क्वचित येते पण येते, आणि अशा वेळी जोर दिला तर ठोके बिघडू शकतात. कुणाला येईल ते वरून दिसत नाही म्हणून सगळ्यांनाच थांबायला सांगतो.

ताई, तुमचं बुधवारचं चुकलं ते पळण्यात कमी आणि गोळीत जास्त. पॅरासिटामॉलने ताप दबतो, आजार तिथेच असतो, तुम्हाला बरं वाटलं ते गोळीला वाटलं. गोळी न घेता निदान पूर्ण एक दिवस ताप नाही, जेवण जातंय, जिना चढून धाप लागत नाही, मग चालायला सुरुवात. पळण्याआधी दोन दिवस नुसतं चालाच.

एक सवय लावून घ्या, सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची. एरवीची तुमची माहीत असली की आजारात कळतं. माझी ५८ असते, सर्दीची सुरुवात असली की आदल्या दिवशीच ६८-७० दाखवते, अंगाला कळायच्या आधी. ती नेहमीच्या जागी आली नसेल तर त्या दिवशी सुट्टी. आणि परत सुरू केल्यावर छातीत दुखणं, धडधड, किंवा नेहमीच्या वेगाला भलतीच धाप असं काही झालं तर धाग्यावर विचारू नका, जाऊन ईसीजी काढा.

बफवाला
डॉक्टरसाहेबांना मोदक (म्हणजे अनुमोदन). त्यात माझी भर, औषधांचं सांगतो कारण भोगलंय. दोन वर्षांपूर्वी खोकला हटेना म्हणून एका ठिकाणी लिव्होफ्लॉक्सासिन दिलं, पाच दिवसांचा कोर्स, मी शहाणा चौथ्या दिवशी सिंहगडाच्या पायथ्याशी चढाचे रिपीट (तोच चढ परत परत पळणं) मारायला. टाचेच्या वरची शीर अशी धरली की दीड महिना लंगडत होतो. नंतर कळलं की त्या जातीच्या अँटिबायोटिकने, सिप्रोफ्लॉक्सासिन वगैरे पण त्यातलंच, टाचेचा टेंडन दुखावू शकतो, तुटू पण शकतो, माहितीपत्रकात तसा इशारा असतो. डॉक्टरला आपण पळतो हे आधी सांगा एवढंच म्हणणं. सर्दीच्या त्या मिक्स गोळ्या असतात त्यांनी पण कुणाला झोप येते, कुणाचे ठोके वाढतात, त्या घेऊन घड्याळातली नाडी बघत पळण्यात अर्थ नाही.

स्टेथो
बरोबर. आणि अंगदुखीवर आयबुप्रोफेन घेऊन, पाणी न पिता लांब पळणं हे पण करू नका, किडनीवर ताण येतो. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीतच नाहीत, घाम मात्र जातच असतो.

द्राक्षबाग
मी निफाडचा. आमच्याकडं पारा पाच-सहावर येतो तेव्हा पहाटं बागंत शेकोट्या पेटवून धूर करतो, ड्रिप चालू करतो, मणी तडकू नये म्हणून. म्हंजे चार वाजता आम्ही जागेच असतो तरी पळत नाही कुणी :) मी पळतो संध्याकाळी साडेपाचला, अंग दिवसभर मोकळं झालेलं असतं, वर उजेड. पहाटंच पळायला पाहिजे हा नियम कुणी केला? सूर्य सात-सव्वासातला उगवतो सध्या, त्याच्या आधी अंधारात धुकं, ट्रॅक्टर बिगरलाईटचे, त्यात कुत्री. ताई तुम्हाला संध्याकाळी जमत नसंल तर रविवारचं तरी आठनंतर करा. त्या धुरात तर बिलकूल पळू नका, मी एक दिवस हौसेनं पळालो, दोन दिवस काळं थुंकत होतो.

चहाबाज_पुणे
+१ आणि हे शहरात जास्त लागू. पहाटे पाचला हवा शुद्ध असते असं आपल्याला लहानपणापासून सांगितलंय, पण हिवाळ्यात उलटं होतं. रात्री जमीन थंड पडते, खालची हवा गार आणि जड, वर तुलनेनं उबदार हवेचं झाकण, त्यामुळे गाड्यांचा धूर, जाळलेला कचरा, वॉचमनच्या शेकोट्या सगळं खालीच बसून राहतं. ऊन तापलं की नऊदहानंतर ते झाकण उठतं. मला दम्याची थोडी कुरकुर आहे म्हणून मला हे फुफ्फुसांनीच शिकवलं. मी समीर ॲपवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघतो, दोनशेच्या वर असेल तर घरात जिना, दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार. इनहेलर पळण्याआधी पंधरा मिनिटं, डॉक्टरने सांगितलेला, आणि तोंडावर बफ, म्हणजे आत जाणारी हवा जरा कोमट आणि ओलसर होते, गार कोरड्या हवेनं श्वासनळ्या आखडतात. चष्मेवाल्यांनो तयारी ठेवा, काचा धुकतात, मी एकदा कचरापेटीला गुड मॉर्निंग म्हटलंय.

गोदाकाठ
अहो केवढं लिहिलंत, धन्यवाद! कचरापेटी :) :) आज नाडी मोजली, ७४ आली, एरवी किती असते ते माहीतच नाही त्यामुळे ज्ञानात शून्य भर, पण रोज वहीत लिहिणार आहे. एक विचारायचं राहिलं, चौदा-पंधरा दिवसांच्या खाड्याने खरंच किती मागे जाते मी? कारण डोक्यात सारखं तेच की जून पासून परत सुरुवात.

टोरांटोचा_तुका
नाशिकच्या थंडीबद्दलचा धागा वाचतोय आणि खिडकीबाहेर उणे १४ आहे, दिवे घ्या (म्हणजे हलकंच घ्या). गोदाकाठताई, मला दर हिवाळ्यात दोनतीन खाडे पडतातच, कधी फ्लू, कधी रस्त्यावर काचेसारखा बर्फ, आठ वर्षं झाली, एकदाही जूनपासून सुरुवात करावी लागली नाही. दोन आठवड्यांत जातो तो वरवरचा दम. त्यातला बराचसा रक्तातलं पाणी कमी झाल्यामुळे असतो आणि ते परत पळायला लागलं की आठदहा दिवसांत भरून येतं. पाय, सांधे, शिरा यांनी जे कमावलं ते एवढ्यात कुठे जात नाही. पहिले दोन दिवस आपण म्हातारे झालो असं वाटेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

माझी पद्धत अशी, जेवढे दिवस पडून काढले निदान तेवढे दिवस हळू पळायचं. पहिल्यांदा नेहमीच्या निम्मं, तेही दोन मिनिटं पळा एक मिनिट चाला, आणि शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, एकटे असाल तर रामरक्षा म्हणा, मी म्हणतो, इथल्या लोकांना वाटतं फोनवर बोलतोय. वाऱ्याचा दिवस असेल तर जाताना वाऱ्याच्या तोंडावर आणि येताना पाठीवर घ्यायचा, उलटं केलं तर घामेजलेलं अंग घेऊन गार वाऱ्यात परत यावं लागतं. हे नाशिकला पण चालेल.

आबा_सातारकर
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

आबा_सातारकर
आधी रागात लिहिलं होतं, काढलं. डॉक्टर, आमच्या तालमीतला एक जण तापात जोर मारून खरंच आजारी पडला होता, वस्तादांनी त्याला महिनाभर लांग लावू दिली नव्हती, हे लिहिता लिहिता आठवलं. तर तापाचं मागे घेतो. सर्दीचं घेत नाही. ताई, बाहेर पडायच्या आधी घरातच पाच मिनिटं अंग गरम करा, बैठका, जिना, काहीही. गार अंगाने एकदम धावू नका, पोटरी धरते. आणि आल्यावर घामाचा बनियन आधी काढा, चहा नंतर. लोक तिथेच गप्पा मारत उभे राहतात आणि सर्दी झाली म्हणून पळण्याला नावं ठेवतात.

सदाफुली
आबा :) तो बनियनचा मुद्दा सोन्यासारखा आहे. मी गाडीच्या डिकीत एक कोरडा टीशर्ट ठेवते. आणि सकाळी काही खाऊन जावं का विचारणाऱ्यांसाठी, अर्धा डिंकाचा लाडू. पूर्ण खाल्ला तर पळवत नाही.

गोदाकाठ
अपडेट देते कारण धागा काढून पसार होणारे मला आवडत नाहीत. ताप गेल्यावर पाच दिवस थांबले. त्यातले दोन दिवस नुसतं चालले. नाडी ७४, ७१, ७२, ६६, ६५ अशी आली, शेवटचे दोन आकडे बघून परवा सदाफुलीच्या सल्ल्याने कपड्यांसकट झोपले, नवरा म्हणाला ट्रेन आहे का सकाळची. रविवारी आठ वाजता गेले, द्राक्षबाग म्हणतात तसं, कोवळं ऊन होतं, ट्रॅकवर सगळी पेन्शनर मंडळी. दोन मिनिटं पळणं एक मिनिट चालणं असं वीस मिनिटं. रामरक्षा पाठ नाही म्हणून बाराचा पाढा म्हटला, बारा सक्के पर्यंत छान, पुढे धाप लागली तेव्हा चालले. नाक सगळा वेळ गळत होतं, ते हातमोज्याच्या पाठीला पुसलं, कुणाला सांगू नका.

आठवड्यात चारऐवजी तीनच दिवस ठरवलेत, मंगळ, शुक्र संध्याकाळी आणि रविवार आठला. मधल्या दिवशी नाही जमलं तर बूट घालून सोसायटीला दोन चकरा, तेवढंच. १० किमीचं बघू, जमलं तर पळेन, नाहीतर मध्ये चालेन, मेडल तेवढंच देतात.

स्टेथो
उत्तम. खोकला कसा आहे?

गोदाकाठ
माझा गेला. चिरंजीव आज शाळेतून शिंकत आलेत.

टोरांटोचा_तुका
हातमोजे धुवा आधी.