विषय: मेलबर्न – ऑफिस सदर्न क्रॉसला, गाडी एकच, घर कुठे बघू?

प्रेषक: ब्रिस्बेनकर

नमस्कार मंडळी,

जुलैमध्ये ब्रिस्बेनहून मेलबर्नला बदली आहे. ऑफिस सदर्न क्रॉस स्टेशनसमोर, आठवड्यातून चार दिवस जायचं. सौ. घरून काम करते. मुलगी जून २०२१ ची. सासूबाई सहा महिने येणार आहेत. गाडी एकच, आणि ती दिवसा घरीच लागेल. तीन बेडरूम हवेत, भाडं आठवड्याला ५०० डॉलरच्या आसपास. पश्चिमेच्या टार्नीट उपनगरात तेवढ्यात चार बेडरूमचं नवंकोरं घर दिसतंय. घेऊन टाकू का?

प्रेषक: टार्नीटकर

नमस्कार,

घेऊन टाकू नका, आधी स्टेशनपासून पायी अंतर मोजा. टार्नीट लांबरुंद पसरलंय. जाहिरातीतलं ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ हे गाडीने असतं, तेही रविवारी सकाळी. पायी २० मिनिटांच्या आत असेल तर उत्तम. त्यापलीकडे बस पकडावी लागते, आणि वसाहतीतल्या बसेस मार्गाप्रमाणे २० ते ४० मिनिटांनी येतात. एक चुकली की ट्रेनही चुकते. मग माणूस स्टेशनपर्यंत गाडी नेतो, पार्किंग सकाळी लवकर भरतं, बायको घरी बिनगाडीची अडकते आणि सहा महिन्यांत दुसरी गाडी दारात उभी राहते.

तिचा हिशोब आत्ताच मांडा. रजिस्ट्रेशन वर्षाला साधारण ९००, विमा १,२०० धरा, सर्व्हिसिंग ५००. वर्षाला १२,००० किलोमीटर, १०० ला ८ लिटर म्हणजे ९६० लिटर पेट्रोल, लिटरला १.८५ धरलं तर १,७७६. एकूण ४,३७६. म्हणजे आठवड्याला ८४ डॉलर, आणि यात गाडीची किंमत धरलेलीच नाही. ५०० चं घर तिथेच ५८४ चं झालं. विम्याचा आकडा पोस्टकोडवर बदलतो, तेव्हा घर ठरवण्याआधी त्या पत्त्याचं कोटेशन काढा.

ट्रेन मात्र तुमच्या सोयीची. टार्नीट स्टेशन २०१५ मध्ये सुरू झालं. तिथे मेट्रोची लोकल येत नाही, जिलाँग मार्गाची व्ही-लाइनची (लांब पल्ल्याची प्रादेशिक रेल्वे) डिझेल गाडी येते, ती थेट सदर्न क्रॉसला जाते, साधारण अर्ध्या तासात. तिकीट मेट्रोचंच, मायकी कार्ड चालतं. गर्दीच्या वेळी बसायला जागा मिळेल ही आशा सोडा. आणि प्रत्येक जिलाँग गाडी टार्नीटला थांबेलच असं नाही, वेळापत्रकात थांबा बघूनच गाडी ठरवा.

प्रेषक: डँडेनाँगकर

अहो, सगळं पश्चिमेलाच का? आमच्याकडे आग्नेयेला, डँडेनाँगला, स्टेशनाला लागून भारतीय दुकानांची गल्ली, भाजीला मोठा बाजार, कॅरम डाउन्सचं शिवविष्णू मंदिर गाडीने जवळ. सासूबाईंचे सहा महिने चुटकीसरशी जातील. घरं जुनी, विटांची, पण आवार मोठं.

प्रेषक: सनशाइनकर

डँडेनाँग छानच, पण ऑफिस कुठे आहे ते वाचलंत का? १ फेब्रुवारी २०२६ पासून सनबरी, क्रॅनबोर्न आणि पॅकनम या तिन्ही मार्गांच्या गाड्या नव्या मेट्रो बोगद्यातून जातात. आर्डन, पार्कव्हिल, स्टेट लायब्ररी, टाउन हॉल, अँझॅक ही त्यांची स्टेशनं. सदर्न क्रॉस त्यात नाही. डँडेनाँगहून निघालात तर कॉलफील्डला नाहीतर टाउन हॉलला गाडी बदलणं आलं. युनिव्हर्सिटी किंवा पार्कव्हिलच्या इस्पितळात नोकरी असती तर मीच म्हटलं असतं, डँडेनाँगला जा.

याच कारणाने सेंट ऑल्बन्सचं घर स्वस्त दिसलं तरी हुरळू नका. तेही सनबरी मार्गावर, म्हणजे फुट्सक्रेला बदल. सनशाइन आणि डिअर पार्क बघा. दोन्हीकडे व्ही-लाइनच्या गाड्या थांबतात आणि थेट सदर्न क्रॉसला जातात. वेळही टार्नीटपेक्षा कमी. घर लहान मिळेल, तीन बेडरूम, न्हाणीघर बहुधा एकच. पण चालत स्टेशन, चालत दुकान. मी तुमच्या जागी चौथ्या बेडरूमवर पाणी सोडलं असतं.

जुन्या घरात बघायचं ते असं. बैठकीच्या खोलीत बसवलेला हीटर हवाच, कायद्यानेच तो घरमालकावर आहे; आतल्या खोल्यांची मात्र खात्री नाही. जुलैत सासूबाई गारठतील, तेव्हा त्यांच्या खोलीत शिरून खिडकीच्या कडेला हात लावून बघा. पश्चिमेची माती चिकण, उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलेली दिसेल, दार घासत असेल. राहायला हरकत नसते, पण ताब्याच्या दिवशीच फोटो काढून कंडिशन रिपोर्टमध्ये (घराच्या स्थितीची नोंद) लिहा. घरात शिरल्यापासून कामाच्या ५ दिवसांत तो भरून एजंटला परत द्यायचा. हे राहिलं की निघताना भेगेचे पैसे बाँडमधून (अनामत रकमेतून) मागायला एजंट मोकळा.

प्रेषक: टार्नीटकर

सनशाइनकरांना अनुमोदन. (वर्षातून एकदा होतं हे, नोंद घ्या.) नव्या वसाहतीच बघायच्या असतील तर आणखी दोन गोष्टी. वहिनी घरून काम करतात, तेव्हा त्या पत्त्यावर इंटरनेटचं जाळं सरकारी एनबीएनचं आहे की खासगी ऑप्टिकॉमचं, हे आधी विचारा. काही वसाहतींत फक्त ऑप्टिकॉम असतं आणि तुमची आत्ताची इंटरनेट कंपनी तिथे सेवा देत नसेल तर पहिले काही दिवस मोबाइल हॉटस्पॉटवर काढावे लागतात. दुसरं, काही वसाहतींत जांभळ्या नळाला पुनर्वापराचं पाणी येतं, ते बाग आणि संडासासाठी. सासूबाईंना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. देवाचा तांब्या त्या नळाखाली जायला नको.

प्रेषक: ब्रिस्बेनकर

सगळ्यांचे आभार. शाळेचं आणि पैशांचं कुणी सांगेल का? ५०० म्हणजे महिना २,००० धरतोय.

प्रेषक: क्लेटनकर

२,००० नाही. महिन्यात चार आठवडे फक्त फेब्रुवारीत असतात. ५०० भागिले ७, गुणिले ३६५, भागिले १२: २,१७३. बाँडही तेवढाच, आणि आगाऊ एक महिना धरला तर किल्ली घेताना ४,३४६ हाताशी हवेत. आठवड्याला ९०० पर्यंतच्या भाड्याला एका महिन्याहून जास्त बाँड मागता येत नाही. तो एजंटच्या खिशात राहत नाही, सरकारी बाँड प्राधिकरणाकडे १० कामाच्या दिवसांत भरावा लागतो. पावतीचा ईमेल आला नाही तर विचारा. घर न दाखवताच कुणी बाँड मागितला तर तो फसवणारा समजा.

जाहिरातीतल्या भाड्याहून जास्त देऊ नका. नोव्हेंबर २०२५ पासून एजंटला ते स्वीकारताच येत नाही. घर बघायला मिळतात दहा-पंधरा मिनिटं. ओळखपत्रं आणि पगाराच्या पावत्या आधीच अपलोड करून ठेवा, म्हणजे त्याच संध्याकाळी अर्ज जाईल. घर वेगळ्या मीटरचं असेल तर पाण्याचा वापर तुमच्या माथी, सेवा शुल्क मालकाचं.

शाळेचं: ३० एप्रिल २०२६ ला मुलीला पाच पूर्ण होत नाहीत, म्हणून प्रेप (शाळेचं पहिलं वर्ष) जानेवारी २०२७ च्या शेवटी. सरकारी शाळांचे प्रेपचे अर्ज आदल्या वर्षी जुलैअखेरपर्यंत घेतात, म्हणजे तुम्ही उतराल तेव्हा मुदत संपत आलेली असेल. आधी घर, मग अर्ज, हा क्रम तुम्हाला परवडणार नाही. मुदत हुकली तरी हद्दीतल्या शाळेला तुम्हाला घ्यावंच लागतं, पण धावपळ होते. ‘फाइंड माय स्कूल’ या शाळांच्या हद्दी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर घराचा नेमका पत्ता टाका, उपनगराचं नाव नको, रस्त्याच्या एका बाजूला एक शाळा, दुसऱ्या बाजूला दुसरी असं सर्रास असतं. नव्या वसाहतींत नवी शाळा उघडली की हद्द सरकते, म्हणून २०२७ हे वर्ष निवडूनच बघा. तोवरच्या किंडरसाठी (प्रेपआधीचा बालवर्ग) कौन्सिलकडे आजच नाव घाला. वर्षाच्या मध्यावर जागा मिळतात, पण आपल्याला हव्या त्या दिवसांच्या नाही.

प्रेषक: सनशाइनकर

एक राहिलं. उतरल्यावर चार आठवडे फर्निचरसकट घर फुट्सक्रेच्या आसपास घ्या आणि मंगळवारी सकाळी साडेसातला डिअर पार्क, सनशाइन, टार्नीट तिन्ही स्टेशनांवरून एकेकदा ऑफिस गाठून बघा. शनिवारी घर बघायला जाताना पश्चिमेकडून शहरात येणारा वेस्ट गेट पूल मोकळा दिसतो, त्यावरून रोजच्या गर्दीचा अंदाज बांधू नका. पुलाला टोल नाही, शेजारच्या नव्या बोगद्याला आहे. जीपीएसला टोल टाळायला सांगून ठेवा.

डिअर पार्कला जायचं ठरलं तर स्टेशनच्या उत्तरेकडची घरं आधी बघा की दक्षिणेकडची, ते शाळेची हद्द बघून कळवतो. पत्ते पाठवा.