मदत हवी आहे: शित्झू जातीच्या कुत्र्याचे केस उन्हाळ्यात किती कापावेत?

नमस्कार मंडळी. आमची चिंगी, शित्झू, अडीच वर्षांची, वजन साडेपाच किलो. राखणीच्या नावानं शून्य. कुरिअरवाला आला की आधी त्याच्या पायाशी लोळण! नागपुरात सध्या पारा 45 वर. चपट्या नाकामुळे संध्याकाळी सातच्या फेरीतही धापा टाकते, दिवसभर कूलरसमोर फरशीवर पसरलेली. सासूबाई म्हणतात, सरळ टक्कल करा. मला धास्ती, उन्हानं कातडी भाजेल. डोळ्यांवरची झुलपं रबरानं बांधते, पण कानामागे जटा होतातच. काल कंगवा लावला तर माझं बोटच धरलं तिनं. उन्हाळ्यात तुम्ही केस नेमके किती ठेवता? आणि जटा तिला न दुखवता कशा सोडवायच्या?